विलासच्या पेटीतलं पत्र

सध्या माझी पोस्टिंग वानवडीत आहे. पोस्ट म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची खोली. दोन टेबलं, एक कपाट आणि कुरकुरणारा पंखा. हजर व्हायची वेळ सकाळी दहा. मी ९:४० ला पोचतो. तसा कोणाचा हुकूम नाही, पण फौजेत अठ्ठावीस वर्षं नोकरी केल्यावर बरोबर वेळेवर पोचणंसुद्धा उशीर वाटतो. शिवाय घरी थांबून करायचं काय? बायको जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी बेंगळुरूला असते. विश्रांतवाडीच्या माझ्या फ्लॅटमध्ये सकाळी कुकरची शिट्टी होते, तेवढाच काय तो आवाज.

ही खोली आमच्या ट्रस्टची आहे. निवृत्त जवान आणि शहीद जवानांची कुटुंबं यांच्यासाठी आम्ही काम करतो. कोणाला कानाचं मशीन, कोणाच्या मुलीची फी, कोणाचे सरकारी कागद. त्यासाठी पैसा लागतो आणि तो मागावा लागतो. सरळ सांगायचं तर आम्ही हात पसरतो, फक्त इस्त्रीचा शर्ट घालून. कधी खडकवासल्याला धरणाच्या कडेने दौड ठेवतो, कधी सोसायट्यांच्या हॉलमध्ये कार्यक्रम. एकदा बाणेरला एका बाईंनी विचारलं, “युनिफॉर्ममध्ये नाही आलात? फोटो छान आला असता.” मी म्हणालो, “मॅडम, आता तो पोटावर बसत नाही.” त्या हसल्या आणि चेक मात्र चांगला दिला.

अशा कार्यक्रमात मी विलास रणपिसे या नाईक हुद्द्यावरच्या जवानाची गोष्ट सांगतो. विलास माझ्या प्लाटूनचा, लोणी काळभोरचा. माझ्या गोष्टीत तो कधीच घाबरत नाही. लोक डोळे पुसतात आणि ट्रस्टचं काम पुढे चालतं. गेली तीन वर्षं मी हे करत आलो. गोष्टीतला एक भाग मी कुठेच सांगितला नव्हता, अगदी माझ्या बायकोलाही नाही.

गेल्या महिन्यात एका बुधवारी आमचे प्रमुख, निवृत्त कर्नलसाहेब, माझ्या टेबलापाशी आले. त्यांच्या हातात एक कोरा फॉर्म होता. हडपसरच्या एका हॉस्पिटलमध्ये एक वर्षाचा रुग्णसेवेचा कोर्स आहे. त्यातली एक जागा ट्रस्टने मिळवली होती, फीसकट. पास झाल्यावर तिथेच नोकरी. जागा विलासच्या पत्नीसाठी होती.

“सुजाताताईंनी दोनदा नाही म्हणून सांगितलंय,” कर्नलसाहेब म्हणाले. “शुक्रवारी सही हवी. सोमवारी वर्ग सुरू. पुढच्या वर्षी ही जागा मिळणार नाही.”

“सर, आपण बोललात का त्यांच्याशी?”

“बोललो. मी गेलो की लोक उभे राहतात आणि हो सर, हो सर म्हणतात. नंतर काही करत नाहीत. तुम्ही जा. तुम्हाला निदान खरं कारण सांगतील.”

मी ११:२० ची बस धरली.

सुजाताताईंचं घर लोणीला, स्टेशनच्या पलीकडे, दोन खोल्यांचं. त्या कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या करतात. पहाटे जातात, दुपारी येतात. मुलगी डिप्लोमाला नगरला, हॉस्टेलवर. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. म्हणजे घरात त्या एकट्याच. दारात गेलो तेव्हा त्या नुकत्याच आल्या होत्या. मनगटावर पिठाचा पांढरा पट्टा तसाच होता.

“जय भीम, साहेब. या, बसा.”

भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली विलासचा युनिफॉर्ममधला फोटो. फोटोची काच स्वच्छ होती. मी बूट दाराबाहेर काढले, आत बसलो, पाणी प्यालो आणि फॉर्म समोर ठेवला.

“मी न्हाई म्हनलं हाय ना कर्नलसाहेबांना.”

“कारण नाही सांगितलंत.”

“कारण काय. या वयात कशाला.”

“अडतीस म्हणजे वय नाही. मी पंचावन्नचा आहे आणि रोज ऑफिसला जातो.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म बाजूला सारला. मग एकदम बोलायला लागल्या.

“ह्यांना आवडायचं न्हाई. तेव्हाबी मला हेच शिकायचं व्हतं, नर्सिंग. हडपसरला खोली घेते म्हनलं, पोरीला घेऊन जाते. सासूबाई नको म्हनल्या. मी ह्यांना फोनवर सांगितलं. ते लई भडकले. म्हनले, आईला सोडून जायचं तर जा, परत मला फोन करू नको. आन् फोन कट झाला.” त्यांनी पदराने मनगट पुसलं. “आठ दिसांनी तुमच्या युनिटची मानसं दारात आली. शेवटचा शब्द त्यो व्हता, साहेब. मग मी कुठं जानार? हितंच राहिले. सासूबाईंचं सगळं केलं. तेरा वर्सं झाली, मी त्यांच्या फोटोशी येक शब्द बोलले न्हाई. फोन करू नको म्हनले व्हते ना.”

मला त्या क्षणी उठून निघून जावंसं वाटलं. खरंच सांगतो, दाराकडे पाहिलंसुद्धा.

आता तेरा वर्षांपूर्वीचं सांगायला हवं.

आम्ही उत्तर सीमेवर एका उंच पोस्टवर होतो. मी तेव्हा हवालदार, प्लाटूनचा. मोबाइलला रेंज नाही. आठवड्यातून एकदा सॅटेलाइट फोन, माणशी तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की लाईन आपोआप बंद पडायची, मग नवरा-बायको भांडत असोत की रडत. बर्फ सुरू झाला की टपालही थांबायचं. रोजचा दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, नंतर चहा, बर्फ उपसणं, आणि एक दिवसाआड पुढच्या पोस्टपर्यंत गस्त, म्हणजे लिंक पेट्रोल.

त्या दिवशी पेट्रोल ०६१० ला निघालं. सहा जण, लीडर विलास. ०९०५ ला रेडिओवर त्याचा आवाज आला.

“बर्फाची स्लाइड आली. दोन आत गेले. खोदतोय. ओव्हर.”

“मदत निघाली. तुम्ही कडेला थांबा. ओव्हर.”

०९३० ला तो परत रेडिओवर आला. “एक काढला. जिवंत आहे. वरच्या बाजूला दुसऱ्याचा हात दिसतोय. ओव्हर.”

वरच्या उतारावर बर्फ अजून लटकत होता. दुर्बिणीतून मला तो दिसत होता. मी म्हणालो, “विलास, वर जाऊ नको. आमची वाट बघ. ओव्हर.”

“उस्ताद, तोवर तो संपेल. ओव्हर.”

एवढंच. ०९४१ ला दुसरी स्लाइड आली. आम्ही पोचलो तेव्हा विलासचे दोन्ही हात त्या दुसऱ्या जवानाच्या कोटात घट्ट होते. दोघेही गेले होते. पहिला आजही जिवंत आहे, गावी शेती करतो.

चौथ्या दिवशी विलासची पेटी उघडायची होती. जवान गेला की त्याच्या सामानाची यादी करतात, सही करतात आणि पेटी घरी पाठवतात. यादीला मी आणि एक क्लार्क होतो. या कामाची एक रीत कुठल्याही पुस्तकात नाही. मी नवा असताना आमच्या जुन्या सुभेदारसाहेबांनी ती शिकवली होती. ते म्हणायचे, पेटी आई उघडणार आहे असं धरून भर. म्हणजे विडीचं बंडल काढायचं, उधारीच्या चिठ्ठ्या काढायच्या, कोणाचा नको तो फोटो असेल तर काढायचा. पेटी स्वच्छ करून पाठवायची. मी आजवर ती रीत दयेची समजत होतो.

विलासच्या पेटीत स्वेटरच्या घडीत एक अंतर्देशीय पत्र होतं. अर्धवट लिहिलेलं. मी ते वाचलं. त्याच वेळी शेजारच्या बंकरमध्ये कंपनी कमांडर विलासच्या पदकासाठी शिफारस लिहीत होते. ‘निर्भय’ हा शब्द त्यांनी मलाच विचारून लिहिला होता. आणि माझ्या हातातल्या पत्रात लिहिलं होतं, मला इथे भीती वाटते.

क्लार्कने विचारलं, “अजून काही?”

“नाही. एवढंच.”

मी पत्र बुखारीत टाकलं. बंकर गरम ठेवणाऱ्या त्या शेगडीत ते दोन क्षणांत गेलं. पदक मिळालं. मला वाटत होतं, मी विलासची इज्जत राखली.

आणि आता त्याची बायको माझ्यासमोर बसली होती.

“सुजाताताई,” मी म्हणालो, “विलासचा शेवटचा शब्द तो नव्हता.”

मी सगळं सांगितलं. पेटी, पत्र, बुखारी. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या,

“जाळलं?”

“हो.”

“कुनाला इचारून?”

“कोणालाच नाही.”

“माझं पत्र व्हतं ते. माझ्या नवऱ्याचं, मला.” त्यांचा आवाज चढला. “दर कार्यक्रमाला सांगता तुम्ही, विलास असा, विलास तसा. मीबी येऊन बसले हाय तिथं, शाल घेतली हाय. तवा न्हाई आठवलं?”

“रोज आठवतं.”

“मग?”

“हिंमत झाली नाही.”

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. निघावं की थांबावं हे मला कळेना. मी थांबलो. शिक्षा असेल तर ती घेऊनच जायला हवं, असं वाटलं. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात मुलीची एक जुनी वही आणि पेन होतं.

“लिवून द्या. जसंच्या तसं. तुमच्या मनाचं घालू नका.”

मी लिहिलं. पत्र मी एकदा नाही, चारदा वाचलं होतं आणि त्यानंतर तेरा वर्षं मनात वाचत आलो होतो.

‘सुजाता, परवा फोनवर मी फार बोललो. चूक झाली म्हणणार होतो, तेवढ्यात लाईन बंद झाली. तू कोर्सला जा. हडपसरला खोली बघ, पोरीला घेऊन जा. आईला मी समजावतो, ती माझं ऐकेल. तू नर्सच्या कपड्यात कशी दिसशील ते इथे बसून बघत असतो. मला इथे भीती वाटते. रोज पेट्रोलला निघताना वाटते. इथे कोणाला बोलता येत नाही, म्हणून तुला सांगतो. पुढच्या सुट्टीत’

“फुडं?”

“पुढे नव्हतं. तिथेच थांबलं होतं.”

त्यांनी वही घेतली. ओठ हलवत, एकेक शब्द बोटाने धरून वाचलं. भीतीच्या ओळीवर बोट थांबलं.

“रोज वाटायची?”

“रोज. आम्हा सगळ्यांनाच वाटायची. कोणी बोलत नव्हतं.”

“आन् तरी परत वर गेले.”

“हो. मी नको म्हणालो होतो. तरी गेला.”

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मला क्षमा केली का, ते मी विचारलं नाही. तो प्रश्न विचारायचा हक्क माझा नव्हता.

वही मिटून त्या म्हणाल्या, “साहेब, आता तुम्ही जावा. फारम ऱ्हाऊ द्या हितंच.”

मी बाहेर आलो. दार माझ्यामागे लोटलं गेलं. मी ओट्यावर बसून बूट चढवायला लागलो. गुडघ्यांमुळे मला नाड्या बांधायला वेळ लागतो. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि नंतर सुजाताताईंचा. आवाज घोगरा होता, पण बोलणं रोजच्यासारखं होतं, बाहेरून नुकत्याच घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं.

“अहो, आईंचं सगळं नीट केलं बरं का मी. पोरगी नगरला हाय, तुमच्यावानीच तापट हाय. आन् मी सोमवारपास्नं हडपसरला जाती. तुम्हीच लिवलंय न्हवं, जा म्हनून.”