पेटीत डोकं घालणाऱ्या वयनी

आमच्या वयनींनी कोंबड्याला पेटीत घालण्याआधी स्वतःचं डोकं त्या पेटीत घालून बघितलं होतं. पाच मिनिटं नव्हे, चांगला अर्धा तास. परसात पाट टाकून बसल्या, डोकं आत, वरून गोणपाट, आणि आम्ही घरातली सगळी दारात उभी. थोरल्या दिरांनी दोनदा हाक मारून विचारलं, ठीक आहेस ना म्हणून. आतून उत्तर आलं, "गप रवा. काळोख बरो आसा, पण वारो कमी पडता." मग बाहेर येऊन त्यांनी दिरांकडून पेटीच्या तळाशी आणखी सहा भोकं पाडून घेतली आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. विक्रोळीच्या बैठ्या चाळीत आमच्या दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी, चुली वेगळ्या, मागचं परसू मात्र एकच. त्यांना मूलबाळ नव्हतं. काहीही दुसऱ्याला द्यायचं तर आधी स्वतःवर करून बघायचं, ही त्यांची जन्माची खोड. माझ्या मुलीचं कडू औषध आधी त्या चाटत. तिचं दप्तर पाठीला अडकवून एकदा गल्लीच्या टोकापर्यंत चालून आल्या होत्या, सगळी चाळ बघत होती तरी. "माका सोसला, तर चेडवाक सोसात," एवढंच म्हणायच्या. लोकांना त्याचं कोण कौतुक! मला ते नाटक वाटे. खरं सांगायचं तर मी जळायचे. मुलगी माझी, आणि शाळेतून आली की चपला त्यांच्या दाराशी. मी नुसती आई, त्या मोठी आई.

कोंबडासुद्धा खरं तर माझाच. शाळेबाहेर गुलाबी रंगात बुडवलेली पिल्लं विकायला आली होती. मुलीने निदान एक संध्याकाळ माझ्याजवळ बसावं म्हणून मी दोन घेतली. एक दुसऱ्याच दिवशी गेलं. दुसरं वयनींनी बल्बच्या उबेत ठेवून, बोटाने पाणी पाजून जगवलं. हळूहळू गुलाबी रंग गेला, तुरा फुटला, आणि पिल्लू वयनींच्या मागे मागे हिंडू लागलं. पिल्लाच्या मागे माझी मुलगी. आयत्या बिळात नागोबा म्हणतात ते हेच, असं मी मनात म्हणायचे.

पुढे त्या पिल्लाला कंठ फुटला आणि चाळीची झोप उडाली. पहाटे चारला सुरू झाला की उजाडेपर्यंत थांबायचा नाही. पलीकडचे रिक्षावाले काका रात्री दोनला घरी यायचे. त्यांनी आठवडाभर सोसलं, मग सरळ सांगितलं, हे थांबलं नाही तर मी त्याला चिकनवाल्याकडे पोचवून येतो. त्यांचंही चुकत नव्हतं. मुलगी त्या दिवशी जेवली नाही.

चाळीत सल्ले द्यायला कोण कमी? कुणी म्हणालं, गळ्याला पट्टा बांधा, आवाजच फुटणार नाही. वयनींनी तसला पट्टा आधी आपल्याच गळ्याला आवळला आणि भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. घास उतरेना, डोळ्यांत पाणी आलं. पट्टा केरात गेला. कुणी म्हणालं, खुराड्याचं छप्पर इतकं खाली घ्या की मानच वर होणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मान वर करूक मिळाची नाय, तर तो कोंबडो कसलो?" शेवटी त्यांनीच ही पेटीची युक्ती काढली. उंच, ऐसपैस, तळाशी वाऱ्याला भोकं, पुढे गोणपाटाचा दुहेरी पडदा. तिन्हीसांजेला पाणी ठेवून त्याला आत घालायचं, सकाळी सातला पडदा वर. उजेड दिसला नाही की तो आरवत नसे, निदान काकांची झोप मोडेल इतकं तरी नाही. दिवसभर मग दोन कोंबड्या घेऊन परसात मोकळा. चाळ पेटी बघायला लोटली. माझा नवरा मला म्हणाला, वयनींचं डोकं बघ. मी म्हटलं, बघतेय ना, पेटीत घातलेलं.

एका संध्याकाळी वयनी मुलुंडला हळदीकुंकवाला निघाल्या आणि परतायला रात्र होणार म्हणून कोंबड्याला आत घालायचं काम मला सांगून गेल्या. मी त्याला आत घातलं, दाराची कडी लावली. पडदा मात्र वर गुंडाळला आणि सुतळीने गाठ मारून ठेवला. एकदा तरी यांचं हसं व्हावं, मुलीला दिसावं की मोठी आईसुद्धा चुकते, एवढंच मला हवं होतं. कोंबड्याचं काय होईल, हे मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं.

पहाटे चारलाच तो असा आरवला की काका लुंगीवरच परसात आले. वयनी माझ्या आधी पोचल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं. राहून गेलेल्या पडद्याला गाठ नसते, हे त्यांना कळलंच असणार. त्यांनी ती सोडली, पडदा खाली केला आणि हात जोडले. "दादा, माझ्याकडून राहिला. एवढी एक वेळ माफ करा." मुलगी माझ्या शेजारी उभी राहून रडत होती आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मला हवं होतं तसंच सगळं झालं होतं, आणि माझी मान वर होत नव्हती. काका पुटपुटत परत गेले. त्या संध्याकाळी वयनींनी सगळ्यांदेखत मलाच सांगितलं, कोंबड्याला आत घाल गो.

त्यानंतर दोन वर्षांनी दीर निवृत्त झाले आणि ती दोघं गावी निघाली. कोंबडा टोपलीत बसून टेम्पोत चढला. गावाला त्याला पेटी लागणार नव्हती. मला राहवेना. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत? वयनी टोपलीचं झाकण बांधत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तुझ्या चेडवाच्या बारशाक पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. सगळी हसत होती, आणि माझ्या पोटात आग. ह्या दुखणा मी तुझ्या आधी काढलंय गो. तेणा माणूस मरणा नाय."

आता मुलगी रोज सकाळी गावी फोन लावते. मोठी आई फोन परसात नेते आणि कोंबडा पोटभर आरवतो. परवा ते ऐकून मुलगी जशी हसली, तशी माझ्याजवळ कधी हसल्याचं आठवेना. जुनी कळ उठलीच. मी मागे गेले. पेटी अजून तिथेच आहे, हल्ली तिच्यात मी नारळाची सोडणं ठेवते. सोडणं बाहेर काढली, पाट टाकला आणि डोकं आत घातलं. काळोख होता. वारा मात्र पुरेसा येत होता.