राजा-चौकीचा शेरा

आमच्या पत्त्यांच्या मंडळाच्या वहीत माझ्या अक्षरात दोन शब्द आहेत : ‘भान सुटलं.’ ते खोटे आहेत. लिहिताना ते खोटे आहेत हे मला ठाऊक होतं. त्या दोन शब्दांपायी एका शहाण्या माणसाच्या घराची किल्ली त्याच्या खिशातून गेली. मला आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, आणि हे कुणाला बरं वाटावं म्हणून मी लिहीत नाही.

मंडळ म्हणजे मल्लेश्वरममध्ये एका औषधाच्या दुकानावरची खोली. दर शनिवारी दुपारी आम्ही दहा-बारा म्हातारे तिथे जमतो. बहुतेक बेळगाव-निपाणीकडचे, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नोकरीला आलेले आणि इथलेच झालेले. खालून बाय-टू कॉफी येते, एक कप दोघांत. पैसे लावायचे नाहीत हा पहिला नियम. आयुष्यभर आम्ही रमी खेळलो. मग एक सभासद मुलीकडे परदेशी राहून आला, येताना चिप्सची, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांची, पेटी घेऊन आला, आणि आम्ही पोकरला लागलो. वर्षातून एकदा स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला वर्षभर खिडकीजवळची वेताची खुर्ची मिळते. शेवटचा डाव चिटणीस वहीत लिहून ठेवतो आणि हरणाऱ्याच्या नावापुढे एक शेरा मारतो. तो शेरा वर्षभर त्या माणसाला चिकटतो. एकाला ‘कंजूष’ लिहिलं होतं, त्याला त्याची नातवंडंसुद्धा तसं म्हणायला लागली. चिटणीस मी होतो. अकरा वर्षं.

अण्णा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. सख्खा नव्हे. एकाच गल्लीत वाढलो, म्हणून अण्णा. बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचा. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते, हे त्याला कागद न बघता सांगता येई. निवृत्तीनंतरही लोक त्याला फोन करून विचारत. स्मरणशक्ती हा त्याचा एकमेव माज होता. वहिनी गेल्यावर तो मल्लेश्वरमच्या घरात एकटा राहायचा. स्वतःचं स्वतः करायचा.

मी कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होतो, आकडे हाच माझा धंदा. पोकर सुरू झाल्यावर मला एक गोष्ट दिसली, जी आमच्यातल्या कुणालाच दिसत नव्हती. शेवटी दोघेच उरतात. दर डावाला पानं बघायच्या आधी दोघांना सक्तीने चिप्स टाकाव्या लागतात, एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला अर्ध्या. याला ब्लाइंड म्हणतात. आता तुमच्याजवळ आठ-दहा ब्लाइंडपुरत्याच चिप्स उरल्या असतील आणि तुम्ही चांगल्या पानांची वाट बघत बसलात, तर ब्लाइंडच तुम्हाला खाऊन टाकतात. थोड्या चिप्स लावून चाचपणी करावी, तर समोरचा सगळ्या लावतो आणि तुमच्या लावलेल्या फुकट जातात. म्हणून अशा वेळी टेबलावरची, दोघांना सामाईक असलेली पाच पानं उघडण्याआधी दोनच गोष्टी करायच्या : सगळं लावायचं, नाहीतर पानं टाकायची. सगळं लावलं की जिंकायला दोन वाटा असतात. समोरचा घाबरून पानं टाकतो, किंवा तो घाबरला नाही तरी तुमची पानं चालू शकतात.

पण आम्ही रमीवाले. रमीत थांबणारा शहाणा. पत्ते वाईट आले तर पॅक करून डाव सोडायचा, पान पडेपर्यंत गप्प बसायचं. दोघांच्या डावातही आमचे म्हातारे एक्क्यांची वाट बघत बसायचे आणि झिजून हरायचे. वर म्हणायचे, “पानंच आली नाहीत हो!”

मी चौकटीच्या कागदावर तेरा बाय तेराचा तक्ता केला. कुठली दोन पानं हाती आली तर किती ब्लाइंडपर्यंत सगळं लावावं, त्याचा. दोन महिने लागले. तो फक्त अण्णाला दाखवला, आणि बजावलं की कुणाला सांगायचं नाही. अण्णाने तो पाठ केला. संकी रोडच्या पदपथावर चालता चालता मी विचारायचो.

“राणी-दुर्री, वेगवेगळ्या रंगाची?”

“सातपर्यंत.”

“गुलाम-दुर्री?”

“साडेचार. पुढचं विचार. हे तर दोन स्टॉपची शटल बस झालं.”

“राजा-चौकी?”

“तेरापर्यंत बिनधास्त. अरे, मी गाड्या सोडल्यात. गाडी भरायची वाट बघत बसलो असतो, तर डेपो बंद पडला असता.”

एकशे एकोणसत्तर खाने, एकही चूक नाही. वय ऐंशी. ही गोष्ट मला एकट्याला माहीत होती, म्हणून मी ती इथे दोनदा सांगतो : एकशे एकोणसत्तर खाने, एकही चूक नाही.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत शेवटी तिघे उरलो. मी, अण्णा आणि एक निवृत्त बँक मॅनेजर. मला अण्णाने बाहेर काढलं, माझ्याच तक्त्याने. मी हसून हात मिळवला. आतून जळलो. ती खुर्ची मला हवी होती. हे आजपर्यंत मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मग दोघांचा खेळ. मॅनेजरकडे चिप्सचा डोंगर, अण्णाकडे आठ ब्लाइंड. अण्णाने पानं पाहिली, एक क्षण थांबला आणि सगळ्या चिप्स पुढे सारल्या. मॅनेजर बराच वेळ मिशी कुरवाळत बसले आणि म्हणाले, “बघू या तर खरं.” पानं उघडली. अण्णाकडे राजा आणि चौकी. मॅनेजरकडे राणी आणि नव्वी. त्या क्षणी अण्णाची पानं वरचढ होती! नंतर टेबलावर नव्वी पडली, मॅनेजरांची जोडी जमली आणि अण्णा हरला. झालं ते एवढंच.

“राजा-चौकी?” मॅनेजर चष्म्यावरून बघत म्हणाले. “अहो अण्णा, चौकीवर सगळं घर लावता? भाजीवालीपण स्वल्प विचार करते.”

“बसचा पास समजून टाकली असेल,” कुणीतरी म्हणालं. खोली हसली.

“कुठल्या गाढवाने शिकवलं हो हे?” मॅनेजरांनी विचारलं.

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की गाढव मी, आणि चाल बरोबर आहे, या, कागद दाखवतो. मी म्हणालो, “असलं कोण शिकवेल? डोकं फिरलं म्हाताऱ्याचं.”

सगळे अजून हसले. सांगायचं नाही असं मी बजावलं होतं ना, तो शब्द अण्णाने पाळला. मग मी वही उघडली आणि शेरा मारला.

त्या पानाचा कुणीतरी फोटो काढला, गंमत म्हणून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तिथून तो अण्णाच्या सुनेपर्यंत गेला. दोन दिवसांनी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, एचएसआर लेआउटमधून अण्णाच्या मुलाचा फोन आला.

“काका, तुम्ही रोज भेटता त्यांना. फ्रँकली सांगा. बाबांचं काही स्लिप होतंय का? मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला. मेट्रोत एक स्टेशन पुढे गेले. आणि आता हे, भान सुटलं म्हणून. तुमच्यासारखा माणूस लिहितोय म्हणजे...”

गॅस माझाही राहतो. मेट्रोत पुढे तर मी दोनदा गेलोय. हे मी सांगितलं नाही. शेरा खोटा आहे म्हटलं असतं, तर तो का लिहिला हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, “हो रे, हल्ली थोडं विसरतो.”

एका वाक्यात मी माझी अब्रू वाचवली. महिन्याभरात अण्णाला एचएसआरच्या अकराव्या मजल्यावर नेलं. मल्लेश्वरमचं घर भाड्याने गेलं. त्याला एकट्याने खाली उतरायची बंदी झाली. ऐंशी वर्षांचा माणूस, ज्याने अर्ध्या शहराच्या गाड्या वेळेवर सोडल्या, तो लिफ्टपर्यंत जायला नोकराणीची परवानगी मागू लागला. मंडळात लोक हळहळले. “वय झालं की असंच,” असं तो मॅनेजर त्या वेताच्या खुर्चीत बसून म्हणाला. राणी-नव्वीवर जिंकलेल्या खुर्चीत! मला त्याच्या तोंडावर पेटी फेकावीशी वाटली. पण मी कॉफी प्यायलो. माणूस पान उलटं पडलं की चाल मूर्ख ठरवतो, सुलटं पडलं की हुशार, हे या सगळ्यांचं गणित. त्यांना निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आठ महिने मी गेलो नाही. नवव्या महिन्यात वही आणि तक्ता पिशवीत घालून गेलो. मुलगा आणि सून दोघं घरी होती. अण्णा बाल्कनीत बसला होता. मला बघून उठला नाही.

मी मुलाच्या हातात तक्ता दिला. “यातलं काहीही विचार त्यांना.”

“काका, हे काय आता? त्यांना त्रास होईल.”

“विचार म्हणतो ना.”

मुलाने चाचरत विचारलं, “किंग... म्हणजे राजा, दोन?”

“रंग एक की वेगळे?” बाल्कनीतून आवाज आला. “नीट विचार.”

“वेगळे.”

“साडेअकरा. पुढचं.”

पंधरा-वीस खाने झाले. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगा कागदावरून बोट फिरवत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता. मग मी सगळं सांगितलं. तक्ता माझा, चाल बरोबर, शेरा खोटा, फोनवर बोललो ते खोटं.

“आम्ही डॉक्टरकडे नेलं त्यांना,” मुलगा म्हणाला. “घर देऊन टाकलं. तुमच्या एका वाक्यावर, काका.”

“तुझ्याही,” अण्णा म्हणाला. “मला विचारलं होतंस का तू? याला विचारलंस.”

मी वही उघडून पेन काढलं. शेरा खोडणार, तोच अण्णा उठून आत आला.

“खोडू नकोस. म्हणतील, म्हाताऱ्याने रडून खोडून घेतलं. तो तसाच राहू दे. खाली लिही, कुणी काय केलं ते. सही कर. आणि शनिवारी सगळ्यांसमोर वाच.”

“वाचतो. अण्णा, माझं...”

“आत्ता काही बोलू नकोस. ऐकलं तर मला तुला मारावंसं वाटेल, आणि मग ही पोरं म्हणतील, बघा, बिघडलं.”

शनिवारी मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. आणि मंडळ काय म्हणालं? “जाऊ द्या हो, खेळच तो.” मॅनेजर म्हणाले, “पण हरले तर खरंच ना?” त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या खोलीत ओरडलो. काय ओरडलो ते वहीत नाही. चिटणीसपद सोडलं.

घराचा भाडेकरार अजून सहा महिने आहे. त्यानंतर बघू, असं मुलगा म्हणतो. ‘बघू’ या शब्दावर माझा विश्वास नाही, म्हणून मी दर आठवड्याला त्याला फोन करतो. त्याला राग येतो. येऊ दे. किल्ली मात्र त्याने अण्णाला परत दिली आहे, सध्या कुलूप दुसऱ्याचं असलं तरी.

गेल्या शनिवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. अण्णा आला होता, एकटा, दोन बस बदलून. दुसरी बस सात मिनिटं उशिरा आली, असं त्याने सगळ्यांना ऐकवलं. माझ्याकडे न बघता माझ्यासमोरची खुर्ची ओढली.

मी म्हणालो, “अण्णा...”

“बोलायला आलेलो नाही. पत्ते पिस.”

मी पिसले.