चोरीला गेलेला नफा

ज्या चोरीत मुद्देमाल कुठे आहे ते फिर्यादीनेच सांगितलं, ती चोरी मी अजून विसरलेलो नाही.

सत्तरच्या दशकात एकदा खाद्यतेल फार महागलं. परभणी जिल्ह्यात आमच्या हद्दीतल्या एका तेल कंपनीच्या मालकाने शेंगा स्वस्तात भरून ठेवल्या होत्या. त्याला बेसुमार नफा झाला. कंपनीला असा जादा नफा झाला की नेहमीच्या करावर आणखी एक कर बसायचा. तो बसायच्या बेतात असतानाच गोदामातले तेलाचे डबे चोरीला गेले, कंपनी बुडाली, अशी फिर्याद घेऊन मालक ठाण्यात हजर झाला.

मी तेव्हा फौजदार होतो. चोरी झालेला माणूस माल कधी मिळेल ते विचारतो. हा गृहस्थ फिर्यादीची नक्कल कधी मिळेल एवढंच विचारत होता. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आठवड्याभरात पालमहून एक शेतकरी एसटीने ठाण्यात आला. त्याच्या मुलाचं लग्न मालकाच्या मुलीशी ठरत आलं होतं.

"साहेब, कंपनी बुडाली म्हणायलेत लोक. खरं असंल तर आमी सोयरीक मोडतो."

मी त्याला चहा पाजला, मालकाला बोलावून घेतलं आणि दोघांना एकाच बाकावर बसवलं. मालकाचा चेहरा उतरला.

"पुरवणी जबाब घ्यायचाय," असं म्हणून मी जमादाराला मोठ्याने सांगू लागलो. "लिहा. कंपनी साफ बुडाली. मुलीच्या लग्नालाही पैसा उरला नाही."

पाहुण्याने टोपी चढवली आणि तो उठला. मालकाने त्याचा हात धरला.

"बसा हो. कंपनी बुडाली न्हाई. डबे पोखर्णीला माज्या मेव्हण्याच्या आखाड्यावर हायेत. नफाच लय झाला, म्हणून लपवावं लागलं."

"लय म्हंजे किती?" पाहुण्याने विचारलं. हा प्रश्न खरं तर मी विचारायचा होता.

पंचनाम्याला पंच म्हणून पाहुणा आपणहून पुढे आला. नातं अजून जुळलं नव्हतं, त्यामुळे माझीही हरकत नव्हती. मेव्हण्याच्या त्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, त्याने एकेक डबा हलवून पाहिला. आमच्या जमादाराने अख्ख्या नोकरीत एवढी मेहनत घेतली नसेल.

खोट्या फिर्यादीबद्दल मालकावर खटला झाला, करही पुरता भरावा लागला. आता लग्न मोडणार म्हणून मला वाईट वाटत होतं, त्यात मुलीचा काय दोष? पण निमंत्रण आलं. मांडवात मुलाचा बाप येईल त्याला सांगत होता, "आमच्या व्याह्याला जादा नफ्याचा कर बसलाय. तुमच्यात कुणाला बसलाय का, सांगा." मालक शेजारी ताठ मानेने उभा होता.

माणूस सरकारपुढे खुशाल कंगाल होतो, व्याह्यापुढे होत नाही, हे मी त्या मांडवात शिकलो. पुढे अशी प्रकरणं आली की मी जमादाराला आधी विचारायचो, "यांच्या घरात लग्नाचं कोण आहे?"