टॉवेलखालचा सौदा

लकव्यानंतर बाबांची उजवी मूठ अशी आवळली होती, की नखं कापायची म्हटली तरी घरात भांडण व्हायचं. अमरावतीच्या फिजिओथेरपिस्टनं थरथरणारं मशीन काढलं, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक नाटक!

थंडी होती, म्हणून त्यानं बाबांच्या हातावर टॉवेल टाकला आणि खालून मशीन फिरवायला लागला. घूं घूं करत ते दंडावरून मनगटापर्यंत आलं. मग मशीन बंद करून त्यानं टॉवेलखाली हात घातला आणि बाबांची बोटं हळूच सरळ केली. उघडली की! पण दुसऱ्याच क्षणी बाबांनी त्याची दोन बोटं धरून दाबली. त्याला वाटलं, पुन्हा पेटका आला.

"काका, दुखून राहिलं काय?"

मला मात्र हसू आवरेना. बाबांनी उभा जन्म अंजनगावच्या बैलबाजारात दलाली केली. तिथं भाव कोणी तोंडानं बोलत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात.

"दुखून नाई राहिलं," बाबा जड जिभेनं म्हणाले, "तुह्या मशीनचा भाव करून राहिलो. बोल, देतं काय?"