फ्लेक्सवरचं गुळगुळीत तोंड

"झूम कर. अजून कर बे. अजून."

भैया म्हणत गेला आणि फ्लेक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझं तोंड वाढत गेलं. आधी ताटाएवढं. मग परातीएवढं. मग नुसता एक गालच पडदाभर. मागं बसलेली भैयाची पोरं खुर्च्या सोडून जवळ आली.

"गाल हाय का गेवराईचा बायपास?" भैया म्हणाला. "हे असंच लावलं तर लोक इचारतील, ह्या खड्ड्यांचं टेंडर कुणी खाल्लं?"

दुकान हसलं. छताचा पंखासुद्धा हसला असेल. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. वर म्हणालो, "भैया, पावसाळ्यात मी ह्याच्यात मासे सोडतो." मी असाच होतो. दुसऱ्यानं मारायच्या आत आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यायची. लागत नाही असं दाखवायचं. लागायचं.

भैया म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा मुलगा. फ्लेक्स चौदा एप्रिलच्या जयंतीचा. मधोमध त्याच्या वडलांचा हात जोडलेला फोटो, शेजारी भैया, खाली गोल चौकटीत शुभेच्छुकांच्या मुंड्या. लागणार होता आमच्या बौद्ध वस्तीच्या कोपऱ्यावर, म्हणून वस्तीतला एक चेहरा पाहिजेच होता. तो मी. भैयाचे फ्लेक्स मीच बांधायचो. गेवराईपासून उमापूरपर्यंत असा एक खांब दाखवा, ज्याला मी मिठी मारली नाही. त्याबद्दल भैया मला त्यांच्या पतसंस्थेत शिपाई म्हणून चिकटवणार होता. आईनं वस्तीभर सांगून ठेवलं होतं. आधी पोराचा फोटो लागणार, मग पोराला नोकरी.

आता तोंडाचं सांगतो. भैया आणि मी एकाच वर्गात. दहावीला दोघांच्याही तोंडावर पुटकुळ्या एकदमच फुटल्या. त्यांनी जात विचारली नाही, शेत किती ते विचारलं नाही. विचारलं ते नंतर, इलाजानं. भैयाला गाडीत घालून दर महिन्याला पुण्याला नेलं. आज त्याचा गाल असा, की माशी बसली तर घसरून तिचा पाय मोडेल. मला आईनं कडुलिंब थापला, मावशीनं जायफळ, शेजारणीनं टूथपेस्ट. कडुलिंब एवढा, की चिमण्या घरट्यासाठी जागा बघून गेल्या. शेवटी मेडिकलवाल्यानं गजकर्णाची ट्यूब दिली. ती तर आमच्या घरात आधीच होती. बापाच्या मांडीला तीच, चुलत्याच्या पाठीला तीच, आता माझ्या तोंडाला. आमच्याकडं कातडीचा दवाखाना म्हणजे ती एक ट्यूब.

आणि काय सांगू, हप्त्यात तोंड असं उजळलं की आरशानं मला ओळखपत्र मागितलं! मग एकदा ट्यूब संपली, दोन दिवस लावायची राहिली, आणि तोंड पेटलं. लाल, सुजलेलं, पिकलेलं. उशीला गाल टेकेना. पुन्हा ट्यूब. पुन्हा उजेड. पुन्हा आग. कित्येक वर्षं हेच. बीडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी ती ट्यूब हातात घेतली आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

"ही तोंडाला? ह्यात स्टेरॉइड आहे. बंद करा. काही महिने आग होईल, सोसा."

"आन् खड्डे?"

"त्यांचं इथं काही होत नाही. लेझर लागेल. पुण्याला जावं लागेल."

पुणं म्हटल्यावर मला हसू आलं. बाईंना कळलं नाही कावून.

तर ते सोसणंच चालू होतं, आणि भैया माझा गाल पडदाभर करून बसला होता. "अल्ताफभाई, साफ करा ह्याला," तो म्हणाला.

अल्ताफभाई दुकानाचा मालक. त्यानं माऊस फिरवला. एक एक खड्डा बुजत गेला. आम्हा मायलेकांना आयुष्यात जे जमलं नाही ते त्यानं चहा निवायच्या आत केलं. मग भैयानं रंगही उजळायला लावला. अल्ताफभाई थांबला. "भैया, थोडं ऱ्हाऊ द्या. पोरगं वळखू तरी आलं पायजे."

"वळखून काय करायचंय? ह्यांच्यातलं कुणीतरी दिसलं म्हंजे झालं."

पोरं हसली. माझा तोंडातला विनोद तोंडातच सुकला.

फ्लेक्स मीच बांधला. आमच्याच कोपऱ्यावर, निळ्या पताकांच्या मधे. आई खाली येऊन उभी राहिली. हात डोळ्यावर धरून एक एक गोल बघत गेली.

"तुजा कोणता हाय रं?"

मी शिडीवरून बोट लावलं.

"ह्यो? ह्यो कुनाचा लेक हाय?"

ती चेष्टा करत नव्हती. माझ्या गालाचा प्रत्येक खड्डा तिच्या बोटांना पाठ. मी माझा गाल तिच्याकडं वळवला तसं तिला उमगलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "चांगला केलाय की. ऱ्हाऊ दे. नोकरीचं हाय."

तिनं असं म्हणायला नको होतं.

दोऱ्या कापायचं ब्लेड खिशात होतं. मी तो गोल कापला. नीट, कडेकडेनं. भैया तसाच, त्याचे वडील तसेच, आणि खाली आरपार आभाळ. आई ओरडत होती, "उतर, येड्या! नोकरी जाईल!"

तासाभरात फोन. "कावून फाडला बे? तुझ्या बापाचा फ्लेक्स हाय का?"

"फ्लेक्स तुमचा हाय भैया. तोंड माझ्या बापाचं हाय."

लढाई जिंकली असं वाटलं असेल तुम्हाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं नवा फ्लेक्स होता. माझ्या जागी आमच्याच गल्लीतला पिंट्या. पिंट्याचं तोंड मुळातच साफ आहे. पतसंस्थेत आता तोच पाणी देतो. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. अजूनही ताट समोर सरकवते, वाढत नाही.

ट्यूब सोडली ती सोडलीच. आग होते. नवे फोड येतात, जुने बसताना खड्डा ठेवून जातात. हे भरणार नाही, मला कुणी खोटं सांगू नये. पण आता ह्या तोंडावर कुणाचा माऊस फिरू देणार नाही, आणि भैयाच्या खांबावर चढणार नाही, घरात चूल विझली तरी. काम मागायला ह्याच तोंडानं जातो. दुकानदार बघतो आणि मान वळवतो. मी वळवत नाही. त्याला बघायला लावतो.