न मिटणारी मूठ

रेमरुआतीचं डोकं रोज चुलीपाशीच फिरायचं. भाताचे तांदूळ काढले की सासूबाई, म्हणजे पी खुमी (मिझो लोक थोरल्या बाईला पी म्हणतात), त्यात हात घालायच्या आणि देवाची मूठ शेजारच्या डब्यात टाकायच्या. गावात घरोघरी प्रत्येक जेवणाआधी हेच चालतं. महिनाअखेरीला चर्चच्या बायका येऊन डबे रिकामे करून नेतात. त्याला रेमरुआतीची ना नव्हती. पण संधिवाताने म्हातारीची बोटं मिटतच नसत. सुपासारखा उघडा पंजा आत जायचा आणि ढीग घेऊन वर यायचा.

"अहो, मूठ म्हणजे मूठ! परात नव्हे!"

"मग देवाला सांग ना, म्हातारीची बोटं मिटव म्हणून. तो कशाला मिटवेल? त्याचाच फायदा आहे त्यात," म्हातारी हसायची. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसू. रेमरुआतीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातच दरड कोसळली आणि आयझॉलचा रस्ता बंद पडला. दुकानात तांदूळ मिळेना. नवरा बाकीच्या गड्यांबरोबर दरड उपसायला गेलेला. घरातलं तांदळाचं पिंप अर्ध्यावर आलं, तशी रेमरुआती म्हणाली, "आजपासून मूठ मी काढणार."

"बरं," म्हणून म्हातारीने हात मांडीवर ठेवले. ते 'बरं' रेमरुआतीला भांडणापेक्षा जास्त झोंबलं. तिने मूठ इतकी आवळली की निम्मे दाणे बोटांतून परत टोपात पडले. देव काय मोजायला बसलाय, ती स्वतःशी म्हणाली.

देव नव्हता बसला, पण पी झाइथांगी होती. वर्षानुवर्षं हीच बाई डबे गोळा करत आलेली. महिनाअखेरीला तिने सवयीने जोर लावून डबा उचलला, तर तो हनुवटीवरच आपटायचा राहिला. तिने आत पाहिलं, मग रेमरुआतीकडे पाहिलं.

"पोरी, सगळं बरं आहे ना घरात?"

"न बरं असायला काय झालं?" रेमरुआती फणकारली.

दुसऱ्या दिवशी चार बायका दारात हजर. बरोबर चर्चच्या कोठारातलं तांदळाचं पोतं.

"ज्या घरातून ढीग यायचा तिथून चिमूट आली, तेव्हाच मी ओळखलं," पी झाइथांगी डोळे पुसत म्हणाली. "घरात दाणा नाही आणि तू तोंड शिवून बसलीस! आम्ही काय परके?"

रेमरुआती झटकन पिंपापुढे उभी राहिली. खरं सांगावं तर देवाचा वाटा मारणारी ठरणार. गप्प बसावं तर उपाशी माणसांच्या वाटचं पोतं खाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तिची मूठ या बायकांनी डब्यात डोकावून केव्हाच उघडली होती. बायकांनी डोळे मिटून त्या उपाशी घरासाठी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. रेमरुआतीचे डोळे तेवढे उघडे, सासूवर खिळलेले. पिंपात काय आहे ते म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. आज तिचा दिवस होता.

"आमेन," पी खुमी म्हणाल्या. मग दोन्ही हात पुढे करून खो खो हसल्या. "उपास कसला गं बायांनो? या मेल्या हातांनी दगा दिला. मूठ भरतच नव्हती माझी. न्या ते पोतं, खरंच अडलंय कुणाचं तर त्याला द्या."

म्हातारी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली, तेही आमेन म्हटल्यावर. बायका हसत, तिला दटावत पोतं घेऊन गेल्या.

रेमरुआती मात्र धुमसत राहिली. टोचून बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर निदान उलटून भांडता तरी आलं असतं! या बाईला काही म्हणून बेताने देता येत नाही. ना तांदूळ, ना माफी. लाजेने तिचे कान तापले होते आणि त्याचाही राग ती टोपावर काढत होती.

संध्याकाळी तिने तांदळाचा टोप म्हातारीपुढे आदळला. "काढा तुम्हीच."

वाकडा पंजा आत गेला, पण आज अर्ध्यावरच थबकला. म्हातारी सुनेच्या तोंडाकडे बघत होती.

"घ्या की अजून!" रेमरुआती वसकन ओरडली. तिचा आवाज मात्र फाटला. "देवाला काय अर्धपोटी ठेवायचंय?"