गुलाबी विहीर

काल द्राक्षं धुवायला पातेल्यात लाल औषधाचे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे, दोन खडे टाकले, पाणी गुलाबी झालं आणि लढाईच्या दिवसांतली उंब्रजजवळची एक विहीर आठवली. गावात पटकी, म्हणजे कॉलरा, पसरलेली, मी नवा सरकारी डॉक्टर. जंतू मरावेत म्हणून हेच औषध विहिरीत टाकलं. दुपारी परतलो तर मोट चालू, सगळं पाणी उसात, आणि बाया घागरी भरताहेत ओढ्यावर, जिथं आजाऱ्यांची धुणी धुतली जात होती! मी ओरडलोच. गावचे पाटील म्हणाले, "आवं डाक्तर, दिसत न्हाई त्या किड्याला भ्यायचं, आन् दिसतंय ते रगत प्यायचं व्हय?" घसा बसेपर्यंत समजावलं, घागरी भरतच राहिल्या. हे सगळं आठवत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "मामंजी, पातेल्यातल्या पाण्याला कसलासा रंग आला होता, ओतून टाकलं."